खेळाच्या खोक्यातला सिनेमा

४ मार्च २००० रोजी जपानमध्ये सोनीचं प्लेस्टेशन २ बाजारात आलं. किंमत ३९,८०० येन. आधीचं प्लेस्टेशन फक्त सीडी वाचायचं. हे नवं काळं यंत्र डीव्हीडीही वाचत होतं, आणि सिनेमे त्याच सुमारास डीव्हीडीवर येऊ लागले होते. घरोघरी अजून व्हीएचएस टेपचंच राज्य होतं. स्वतंत्र डीव्हीडी प्लेअर घ्यायचा, तर चांगले पैसे मोजावे लागत. त्यामुळे ज्याला गेममध्ये काडीचाही रस नव्हता, अशा माणसालाही हे खोकं घरात आणायला कारण मिळालं. पहिल्याच शनिवार-रविवारी विक्री दहा लाखांच्या घरात पोहोचली. पुढे उत्पादन थांबेपर्यंत १५ कोटी ५० लाखांहून अधिक प्लेस्टेशन २ विकली गेली. कन्सोलच्या इतिहासातला तो उच्चांक ठरला.

हे यश नेमकं कशामुळे मिळालं? गेममुळे, की सिनेमामुळे? या प्रश्नाचं ज्यानं त्यानं आपापलं उत्तर काढलं आणि त्यावर पुढची पंधरा वर्षं अब्जावधी डॉलर लागले.

सोनीचं उत्तर समजून घ्यायचं, तर कंपनीची एक जुनी जखम लक्षात घ्यावी लागते. १९७५ साली सोनीनं बीटामॅक्स ही व्हिडिओ टेप आणली. वर्षभरात जेव्हीसीनं व्हीएचएस आणली आणि पुढच्या दशकात बीटामॅक्स हरली. नुसतं चांगलं यंत्र बनवून भागत नाही, त्या यंत्रावर काय दाखवायचं तेही आपल्या हातात हवं, हा धडा सोनीनं त्यातून घेतला. १९८९ मध्ये कंपनीनं हॉलिवूडमधला कोलंबिया पिक्चर्स हा स्टुडिओ विकत घेतला. गेमच्या धंद्यात ती आली, तीही अशाच एका दुखावलेपणातून. निन्तेंडोच्या कन्सोलसाठी सीडी ड्राइव्ह बनवण्याचा करार झालेला होता. जून १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीनं त्याची घोषणा केली आणि दुसऱ्याच दिवशी निन्तेंडोनं फिलिप्सशी हातमिळवणी जाहीर केली. सोनीतले अभियंते केन कुतारागी यांनी मग स्वतःच्या बळावर कन्सोल करायचा आग्रह धरला, अध्यक्ष नोरिओ ओगा यांनी पाठबळ दिलं आणि डिसेंबर १९९४ मध्ये पहिलं प्लेस्टेशन आलं.

प्लेस्टेशन २ चा पहिला बळी ठरला सेगाचा ड्रीमकास्ट. खरं तर तो काळाच्या पुढचा कन्सोल होता. इंटरनेटसाठी त्यात मोडेम होता आणि अमेरिकेत तो १९९ डॉलरला मिळायचा. पण सेगानं त्यात स्वतःची जीडी-रॉम ही सुमारे एक जीबीची डिस्क वापरली होती. डीव्हीडी त्यात चालत नव्हती. प्लेस्टेशन २ येणार म्हणून गिऱ्हाईक थांबून राहिलं. ३१ जानेवारी २००१ रोजी सेगानं ड्रीमकास्ट बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि कन्सोल बनवणंच सोडलं.

तिकडे सिअ‍ॅटलजवळच्या रेडमंडमध्ये वेगळीच चिंता होती. मायक्रोसॉफ्टचं सारं साम्राज्य टेबलावरच्या संगणकावर उभं होतं. सोनीचं यंत्र उद्या टीव्हीखाली बसून गेम, सिनेमा, इंटरनेट असं सगळंच करू लागलं, तर दिवाणखाना कायमचा हातचा जाईल, ही भीती बिल गेट्स यांना होती. डायरेक्टएक्स या गेमसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या चमूनं त्यांच्यापुढे कन्सोलची कल्पना मांडली. १० मार्च २००० रोजी, प्लेस्टेशन २ जपानमध्ये आल्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी, गेट्स यांनी एक्सबॉक्स जाहीर केला.

नोव्हेंबर २००१ मध्ये एक्सबॉक्स बाजारात आला, २९९ डॉलरला. त्यात आठ जीबीची हार्ड डिस्क होती, नेटवर्क केबलची जागा होती, गाण्यांची सीडी हार्ड डिस्कवर उतरवून घेता येत होती. सिनेमाच्या बाबतीत मात्र मायक्रोसॉफ्टनं हात आखडता घेतला. डीव्हीडी वाचणारा ड्राइव्ह आत होता, पण सिनेमा बघायचा तर सुमारे ३० डॉलरचा रिमोटचा संच वेगळा घ्यावा लागे. डीव्हीडीच्या तंत्राचं परवानाशुल्क प्रत्येक यंत्रावर भरण्यापेक्षा ज्याला सिनेमा हवा त्याच्याकडूनच ते वसूल करावं, हा त्यामागचा हिशेब होता. निन्तेंडोनं तर गेमक्यूबमध्ये आठ सेंटिमीटरची छोटी डिस्क वापरून सिनेमाचा विषयच संपवला. त्या फेरीत दोघेही सोनीच्या आसपाससुद्धा पोहोचले नाहीत, आणि सिनेमा हेच गुपित आहे ही समजूत आणखी घट्ट झाली.

पुढची फेरी २००५ च्या अखेरीस सुरू झाली. या वेळी टीव्हीच बदलत होते. जाड काचेच्या पेट्या जाऊन सपाट, हाय डेफिनिशन पडदे येत होते आणि त्या बारीक चित्रासाठी डीव्हीडी अपुरी पडत होती. नव्या डिस्कसाठी दोन गट उभे राहिले. एकीकडे सोनी आणि सहकाऱ्यांची ब्लू-रे, दुसरीकडे तोशिबाची एचडी डीव्हीडी.

दोन्ही डिस्क निळ्या-जांभळ्या लेसरनं वाचल्या जात. डीव्हीडीचा तांबडा लेसर ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा, हा ४०५ चा. तरंगलांबी लहान म्हणजे प्रकाशाचा ठिपका लहान आणि तेवढ्याच जागेत खुणा अधिक. फरक होता तो खुणांच्या खोलीत. एचडी डीव्हीडीत माहितीचा थर डीव्हीडीसारखाच पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत होता. त्यामुळे जुन्याच कारखान्यांत थोडे फेरफार करून ती बनवता येई. ब्लू-रेत तो थर अवघा ०.१ मिलिमीटर आत. भिंग डिस्कच्या जवळ आणता येई, खुणा आणखी दाट करता येत. पण त्यासाठी उत्पादनाची नवी यंत्रसामग्री लागे आणि ओरखड्यांपासून वाचवायला कठीण लेप द्यावा लागे. एका थरात ब्लू-रेवर २५ जीबी मावत, एचडी डीव्हीडीवर १५. एक महाग पण मोठी, दुसरी स्वस्त पण लहान.

मायक्रोसॉफ्टनं या भांडणाचा निकाल लागेपर्यंत थांबायचं नाही असं ठरवलं. २२ नोव्हेंबर २००५ रोजी एक्सबॉक्स ३६० आला, साध्या डीव्हीडी ड्राइव्हसह. हार्ड डिस्क नसलेला २९९ डॉलरला, हार्ड डिस्कचा ३९९ ला. वर्षभरानं एचडी डीव्हीडीचा जोड ड्राइव्ह १९९ डॉलरला वेगळा मिळू लागला. हौस असेल त्यानं घ्यावा. सोनीनं उलट पैज लावली. प्रत्येक प्लेस्टेशन ३ मध्ये ब्लू-रे असणार, कोणाला हवी असो वा नसो.

त्या पैजेची किंमत लगेच मोजावी लागली. यंत्र २००६ च्या वसंतात यायचं होतं, ते नोव्हेंबरवर गेलं. निळ्या लेसरचे डायोड पुरेसे तयार होईनात, म्हणून युरोपचा मुहूर्त मार्च २००७ पर्यंत लांबला आणि ११ नोव्हेंबरला जपानमध्ये पहिल्या दिवशी जेमतेम लाखभर यंत्रं देता आली. अमेरिकेत किंमत होती ४९९ आणि ५९९ डॉलर. आयसप्लाय या संस्थेनं यंत्र उघडून आतल्या भागांची किंमत काढली, तेव्हा ५९९ डॉलरच्या यंत्राचा उत्पादनखर्च सुमारे ८४० डॉलर निघाला. म्हणजे प्रत्येक विक्रीमागे सोनी दोनशे डॉलरहून अधिक पदरचे घालत होती. मार्च २००७ ला संपलेल्या वर्षात तिच्या गेम विभागाला २३,२३० कोटी येनचा तोटा झाला. कुतारागी त्याच वर्षी जूनमध्ये पायउतार झाले.

सिनेमाच्या शौकिनाला मात्र हाच सौदा फायद्याचा होता. सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर २००६ मध्ये जवळपास हजार डॉलरला आला होता. प्लेस्टेशन ३ त्याहून कितीतरी स्वस्त, शिवाय एचडीएमआय आणि महागड्या यंत्रात वाय-फाय बसवलेलं. एक्सबॉक्स ३६० ला सुरुवातीला एचडीएमआय नव्हतं आणि वाय-फायसाठी शंभर डॉलरचं जोडयंत्र लागे. ब्लू-रेचे नियम दर वर्षी बदलत, बाजारातले प्लेअर जुने होत. प्लेस्टेशन ३ इंटरनेटवरून अद्ययावत होत राही. २०१० मध्ये तर त्याच यंत्रावर त्रिमितीय ब्लू-रेसुद्धा चालू लागली. यंत्र म्हणून ते किती दूरवरचा विचार करून बनवलं होतं, याला यापेक्षा चांगला पुरावा नाही.

गेमचं काय? प्लेस्टेशन ३ चा सेल प्रोसेसर सोनी, तोशिबा आणि आयबीएम यांनी मिळून बनवला होता. तोशिबा प्रोसेसरमध्ये भागीदार आणि डिस्कच्या लढाईत वैरी, असा तो प्रकार होता. एका मुख्य गाभ्याभोवती छोटे स्वतंत्र गाभे. काम त्यांच्यात वाटून द्यायचं ते गेम लिहिणाऱ्यानं. स्मरणशक्तीही २५६ आणि २५६ एमबी अशी दोन कप्प्यांत विभागलेली. एक्सबॉक्स ३६० मध्ये ५१२ एमबी एकसंध होती, हवी तशी वापरता येई, आणि वर्षभर आधी येऊन त्यानं गेम बनवणाऱ्यांना सवय लावली होती. दोन्हीकडे येणारे अनेक गेम आधी ३६० वर घडायचे आणि प्लेस्टेशन ३ वर नेताना अडखळायचे.

डिस्कच्या मोठेपणाचा फायदा दिसला तो थोड्या गेममध्ये. फायनल फँटसी १३ हा मार्च २०१० मध्ये पाश्चात्त्य देशांत दोन्ही कन्सोलवर आला. प्लेस्टेशनवर एक ब्लू-रे पुरली; ३६० वर तीन डीव्हीडी लागल्या, खेळता खेळता उठून डिस्क बदलायची, आणि चित्रफिती अधिक दाबून भरल्यामुळे त्यांची चमकही कमी. जून २००८ च्या मेटल गिअर सॉलिड ४ नं ५० जीबीची दोन थरांची ब्लू-रे वापरली. पण तिथेच दुसरी बाजूही दिसली. प्लेस्टेशन ३ चा ब्लू-रे ड्राइव्ह माहिती सावकाश वाचायचा, म्हणून गेमचे तुकडे आधी हार्ड डिस्कवर उतरवावे लागत. नवा अंक सुरू झाला की खेळाडूनं कंट्रोलर खाली ठेवून मिनिटं मोजायची, आणि पडद्यावर नायक सिगारेट ओढत बसलेला. सिनेमासाठी निवडलेल्या डिस्कचं ओझं खेळावर कसं पडतं, ते इथे प्रत्यक्ष दिसत होतं.

घाईची किंमत मायक्रोसॉफ्टनंही चुकवली. ३६० च्या बटणाभोवती प्रकाशाचं एक कडं होतं. यंत्र बिघडलं की त्याचे चारपैकी तीन भाग लाल होत. आतल्या चिपखालचे झाळकामाचे बारीक सांधे तापून-निवून तडकत होते. इतकी यंत्रं मेली, की ती दुरुस्तीला पाठवायच्या खोक्यांना लोक शवपेटी म्हणू लागले. जुलै २००७ मध्ये कंपनीनं तीन वर्षांची हमी देऊन त्यासाठी शंभर कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. तरी गिऱ्हाईक टिकलं, कारण गेम होते. त्याच सप्टेंबरात आलेल्या हेलो ३ नं अमेरिकेत पहिल्या चोवीस तासांत १७ कोटी डॉलरचा धंदा केला.

डिस्कचं युद्ध २००८ च्या सुरुवातीला सात आठवड्यांत आटोपलं. ४ जानेवारीला वॉर्नर ब्रदर्सनं यापुढे फक्त ब्लू-रेच काढणार असं जाहीर केलं. लास व्हेगासमधल्या वार्षिक प्रदर्शनातली एचडी डीव्हीडी गटाची पत्रकार परिषद रद्द झाली. फेब्रुवारीत सिनेमाच्या डिस्क भाड्यानं देणारं नेटफ्लिक्स आणि बेस्ट बाय, वॉलमार्ट हे विक्रेते यांनी पाठ फिरवली. १९ फेब्रुवारीला तोशिबाचे अध्यक्ष अत्सुतोशी निशिदा यांनी माघार जाहीर केली. तोवर एचडी डीव्हीडीची सगळी यंत्रं, ३६० चे जोड ड्राइव्ह धरून, दहा लाखांच्या आसपास विकली गेली होती. घराघरांत पोहोचलेल्या प्लेस्टेशन ३ ची संख्या एक कोटीवर गेली होती. स्टुडिओंना ती संख्या दिसत होती. बीटामॅक्सचं उट्टं निघालं, आणि ते काढलं गेमच्या यंत्रानं.

आणि या सगळ्या काळात सर्वांत जास्त विकला जात होता तो निन्तेंडोचा वी. २५० डॉलरचा, हाय डेफिनिशन नसलेला, डीव्हीडीएवढ्याच डिस्कवर चालणारा पण सिनेमा न दाखवणारा. निन्तेंडोचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी सोनी आणि मायक्रोसॉफ्टच्या शर्यतीत उतरायचंच नाही असं ठरवलं होतं. हातातला रिमोट रॅकेटसारखा फिरवला की पडद्यावर टेनिस खेळलं जायचं. आजीलाही शिकवायला लागू नये इतकं सोपं. अखेरीस वी १० कोटी १६ लाख गेले, प्लेस्टेशन ३ पावणेनऊ कोटींच्या आसपास, आणि ३६० साधारण ८ कोटी ४० लाख. दिवाणखान्यावर कब्जा करण्याच्या भाषेत ज्यानं कधी विचार केला नाही, त्यालाच दिवाणखान्यात सर्वाधिक जागा मिळाली. त्या फेरीतला सर्वांत नेमका निर्णय इवातांचाच होता, यात शंका घ्यायला जागा नाही.

ब्लू-रेचा विजय सोनीला फार काळ उपभोगता आला नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये एक्सबॉक्स ३६० वर नेटफ्लिक्स सुरू झालं. नेटफ्लिक्सचे रीड हेस्टिंग्ज त्या वेळी मायक्रोसॉफ्टच्या संचालक मंडळावर होते. डिस्क न घालता सिनेमा टीव्हीवर येऊ लागला. वर्षभरानं ते प्लेस्टेशन ३ वर आलं, काही महिन्यांत वीवरही. गंमत म्हणजे या दोन्हींवर सुरुवातीला नेटफ्लिक्स चालू करायलाच एक डिस्क घालावी लागे. एक्सबॉक्सवर ती लागत नव्हती, पण नेटफ्लिक्सचे पैसे भरूनही एक्सबॉक्स लाइव्ह गोल्ड या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन सेवेची वर्गणी वेगळी भरावी लागे. सोनीकडे तसं बंधन नव्हतं.

भारतात या लढाईचा हा अर्धा भाग पोहोचलाच नाही. ३६० इथे २००६ मध्ये आला तो अक्षय कुमार आणि युवराजसिंग यांना घेऊन, प्लेस्टेशन ३ पुढच्या वर्षी. पण नेटफ्लिक्स भारतात सुरू झालं जानेवारी २०१६ मध्ये. तोवर मुंबई-पुण्यातल्या घरात कन्सोल म्हणजे गेमचंच यंत्र होतं.

मार्च २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक निष्कर्ष जाहीर केला. अमेरिकेत लोक ३६० वर ऑनलाइन गेमपेक्षा जास्त वेळ सिनेमे, मालिका आणि गाणी यांवर घालवत होते. आकडा खरा होता. त्याचा अर्थ चुकीचा लावला गेला. यंत्र गेमसाठी घरात आलं होतं, म्हणून त्यावर सिनेमा बघितला जात होता. सिनेमासाठी लोक ते विकत घेतील, असा त्याचा अर्थ होत नव्हता.

२१ मे २०१३ रोजी रेडमंडमध्ये एक्सबॉक्स वनचं अनावरण झालं. केबलचा डबा यंत्राला जोडायचा, आवाजी हुकूम दिला की टीव्ही लागतो, दुसऱ्या हुकमानं गेम. पडद्याच्या एका बाजूला सामना, दुसऱ्या बाजूला गप्पा. अमेरिकन फुटबॉल संघटनेशी करार, आणि स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या सहभागानं हेलोची टीव्ही मालिका. गेमची वाट बघत बसलेला प्रेक्षक अस्वस्थ झाला. त्यात यंत्र दर चोवीस तासांनी इंटरनेटवर हजेरी लावणार आणि वापरलेले गेम विकण्या-देण्यावर बंधनं येणार, हे कळल्यावर संतापाचा भडका उडाला.

या निवडी नुसत्या जाहिरातीपुरत्या नव्हत्या, त्या यंत्राच्या पोटात कोरलेल्या होत्या. टीव्ही, गेम आणि बाकीचे कार्यक्रम एकाच वेळी चालावेत म्हणून आठ जीबी स्मरणशक्ती हवी होती, आणि ती परवडावी म्हणून मायक्रोसॉफ्टनं स्वस्त, मंद डीडीआर ३ घेतली. तिचा मंदपणा भरून काढायला चिपवरच ३२ एमबी जलद स्मरणशक्ती बसवली. तिनं जागा खाल्ली. चित्र रंगवणारे विभाग उरले १२. शिवाय तीन जीबी यंत्राच्या स्वतःच्या कामासाठी राखून ठेवलेली. सोनीनं प्लेस्टेशन ४ मध्ये आठ जीबी वेगवान जीडीडीआर ५ घातली आणि चित्राचे १८ विभाग दिले. परिणाम पहिल्याच हंगामात दिसला. कॉल ऑफ ड्यूटीचा त्या वर्षीचा गेम प्लेस्टेशन ४ वर १०८० रेषांत चालला, एक्सबॉक्स वनवर ७२० रेषांत.

१० जूनला लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात सोनीचे जॅक ट्रेटन यांनी वापरलेल्या गेमवर कोणतंही बंधन नसेल असं सांगितलं, तेव्हा सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला. किंमत ३९९ डॉलर. एक्सबॉक्स वन, किनेक्ट कॅमेऱ्यासह, ४९९. सात वर्षांपूर्वी महागड्या यंत्राचा ठपका सोनीवर होता. आता भूमिका उलटल्या होत्या. १९ जूनला मायक्रोसॉफ्टनं चोवीस तासांची अट आणि गेमवरची बंधनं मागे घेतली. १ जुलैला विभागप्रमुख डॉन मॅट्रिक यांनी कंपनी सोडली.

२०१४ मध्ये फिल स्पेन्सर यांच्या हाती सूत्रं आली आणि एकेक निर्णय उलटवला गेला. किनेक्ट वगळून किंमत ३९९ डॉलर झाली. नेटफ्लिक्ससाठी गोल्ड वर्गणीची अट गेली. स्वतःच्या मालिका बनवण्यासाठी काढलेला स्टुडिओ बंद करण्याची घोषणा झाली. हेलोची मालिका पडद्यावर यायला २०२२ उजाडलं. गेलेलं गिऱ्हाईक मात्र त्या फेरीत परत आलं नाही. प्लेस्टेशन ४ ची विक्री ११ कोटी ७० लाखांच्या पुढे गेली. एक्सबॉक्स वन तिच्या निम्म्यापर्यंतही पोहोचला नाही.

२०१६ मध्ये ४के चित्राची नवी ब्लू-रे आली, तेव्हा ती एक्सबॉक्स वन एसवर चालत होती आणि सोनीच्या प्लेस्टेशन ४ प्रोवर चालत नव्हती. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुमारे ७०० डॉलरला आलेल्या प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये डिस्कची फटच नव्हती. ब्लू-रे लावायची, तर ड्राइव्ह तेव्हा ऐंशी डॉलरना वेगळा घ्यावा लागे. ज्याला सिनेमा हवा त्यानं वेगळे पैसे मोजायचे, हा हिशेब मायक्रोसॉफ्टनं २००१ मध्येच पहिल्या एक्सबॉक्ससाठी मांडला होता.